होतंय की

त्रिशला मगदूमच्या कमरेचा पट्टा बोलला, तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून पोहे परतत होती. पट्ट्याचा आवाज मोठा गोड, एखाद्या समजूतदार नर्सबाईसारखा.

"त्रिशलाताई, अभिनंदन. आपली टक्केवारी आता बेचाळीस झाली आहे. ती चाळीसच्या खाली आली, की आपला पट्टा पुढच्या गरजू व्यक्तीला देता येईल. काही आक्षेप असेल, तर सुनावणीला वकिलासह हजर राहावं."

त्रिशलाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं आणि पोहे खाली लागले.

"अभिनंदन कशाचं गं?" सासूबाईंनी माजघरातून विचारलं. त्यांचं नाव अक्काताई. मिरजेकडच्या पुष्कळ सुनांसारखी त्रिशलाही सासूला आत्याच म्हणायची.

"काही नाही आत्या. असंच कायतरी बोलतोय."

आता हे टक्केवारीचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, टक्के कमी झाले तर बाईनं पेढे वाटावेत, घाबरायचं काय त्यात? सांगतो.

तिची मुलगी राजुल अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. एका टेम्पोनं त्रिशलाच्या स्कूटरला मागून उडवलं. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू तुटलेला नाही, चेंगरलाय. मेंदूचा हुकूम खाली जातो, पण इतका क्षीण होऊन जातो, की पायांना तो ऐकूच येत नाही. तीन वर्षं ती खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीवर होती. पोर रांगायला लागली, चालायला लागली, पडली, रडली, आणि हिनं ते सगळं बसल्या जागेवरून बघितलं.

मग पट्टे आले. पाठीला चिकटणाऱ्या पातळ चकत्यांमधून हा पट्टा मज्जारज्जूला विजेचे अगदी बारीक ठोके देई. त्या ठोक्यांनी खालच्या पेशी जाग्या राहत, कान टवकारून बसत, आणि मेंदूचा तो कुजबुजता हुकूम त्यांच्यापर्यंत पोचे. पट्टा पाय उचलत नव्हता. पाय त्रिशलाच उचलायची, दात ओठ आवळून उचलायची. पट्टा फक्त ऐकू येण्याची सोय करत होता. पण तेवढ्यावर ती उभी राहिली, आणि राजुलला पहिल्यांदा उचलून कडेवर घेतलं, तेव्हा घरातलं एकही माणूस कोरड्या डोळ्यांनी उभं नव्हतं.

पट्टे थोडे आणि मागणारे फार. म्हणून सरकारनं एक नियम काढला. पूर्वी दिव्यांगत्वाचा दाखला एकदा मिळाला की कायमचा असे. आता दिव्यांगत्वाची टक्केवारी 'चल' झाली, म्हणजे जमेल तसे टक्के उतरणार. पट्टाच रोज मोजणार, की माणसाला किती जमतं. ज्याला जमायला लागलं, त्याचा पट्टा काढून दुसऱ्याला द्यायचा. ऐकायला किती न्याय्य वाटतं बघा. पट्ट्यामुळे जमतं म्हणून पट्टा काढायचा, हे लक्षात यायला माणसाला जरा वेळच लागतो.

आणखी एक गोष्ट होती. स्नायू किती हलले हे पट्ट्याला कळे, पण दुखलं किती हे कळत नसे. म्हणून पट्टा करणाऱ्यांनी अगदी भल्या मनानं त्यात कान बसवले. पट्टा संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा आणि माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते हिशोबात धरायचा. दिवसभरात आपल्या पायांबद्दल माणूस सहज काही बोललं, तरी तेही धरायचा. तेव्हा त्याच्यावरचा हिरवा दिवा लागे.

पट्टा बंद केला जाई, त्याला गावात 'पट्टा झोपला' म्हणत. पलीकडच्या गल्लीतल्या कवठेकर मास्तरांचा पट्टा झोपला, तेव्हा ते देवळाच्या पायऱ्या उतरत होते. सूचना आली होती, त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. मास्तर आता बोलत नाहीत, नुसते छताकडे बघत असतात. त्रिशला त्यांना एकदा भेटून आली होती. पुन्हा जायचा तिला धीर झाला नाही.

नवरा भरतेश कुपवाडच्या फौंड्रीत होता. त्यानं जेवायच्या सुट्टीत फोन केला. "घाबरू नकोस. पुण्याचा एक वकील पडद्यावर बोलतो म्हणे. त्याला विचार."

पडद्यावरचा वकील देखणा होता. इतका देखणा, की तो माणूस आहे की नाही याचीच शंका यावी. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आपली बाजू मजबूत आहे. मात्र सुनावणी जिल्ह्यात होते आणि तिथे वकील प्रत्यक्ष लागतो. आपण जवळचा वकील शोधावा." एवढं बोलून तो हसला आणि दिसेनासा झाला.

जवळचा वकील शोधावा. म्हणायला सोपं आहे. जमिनीच्या वाटण्यांना वकील आहेत, काडीमोडाला आहेत, चेक वटला नाही तर एकाला चार आहेत. दिव्यांग कायद्याचा वकील म्हटलं, की लोक विचारात पडायचे. शेवटी सांगलीत कोर्टाजवळ एक पाटी सापडली. 'ॲड. शेडबाळे, दिव्यांग कायद्याचे विशेष जाणकार.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'दुसरा मजला.'

लिफ्ट बंद होती. त्रिशला जिन्याच्या तळाशी उभी राहिली आणि तिला घाम फुटला. चढण्याचा घाम नव्हता तो. वर गेलं, तर पट्टा म्हणणार, जमतंय. न जावं, तर वकील नाही. मुद्दाम वाईट चढावं, तर पट्टा लबाडीही ओळखतो असं सगळे सांगत. तिनं खालून फोन लावला.

"साहेब, जरा खाली येता का?"

"अहो वर या ना, दोनच मजले आहेत," शेडबाळे म्हणाले. "माझ्याकडे पक्षकार बसलेत."

ती चढली. कठड्याला धरून, मध्ये थांबत, पोटऱ्यांत पेटलेली आग दाबत ती चढली. वर शेडबाळ्यांनी उठून खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता.

"त्रास नाही ना झाला?"

"छे हो," त्रिशला पदरानं घाम टिपत म्हणाली. "होतंय की."

कमरेवरचा हिरवा दिवा लागला. दोघांनीही तो पाहिला.

शेडबाळ्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, खरं सांगू? पाटी जुनी आहे. मी अपघाताच्या भरपाईची कामं करतो. आणि आता तुम्ही चढूनही आलात, आणि वर होतंय म्हणालात. तिथं मी काय बोलू, सांगा बरं."

ती अर्धा जिना उतरली असेल नसेल, पट्टा गोड आवाजात म्हणाला, "अभिनंदन त्रिशलाताई. एक्केचाळीस." तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला. इथंच झोपला तर? उरलेल्या पायऱ्या ती बसून उतरली. येणारी जाणारी माणसं बघत होती, पण तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वकील मिळाला तो ब्लाउजच्या मापामुळे. त्रिशला घरी शिवण करायची. माप द्यायला आलेल्या एका बाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगोबाई, मग नसीम मुजावरकडे जा की. तंतुवाद्यांच्या गल्लीत. तळमजल्यावर बसते, स्वतःच चाकाच्या खुर्चीत असते. तिला काय पाटीबिटी नाही."

पाटी खरंच नव्हती. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या दुकानांच्या मधोमध एक खोली, दारात पायरीच्या जागी उतार. नसीम मुजावर पन्नाशीची, केस आखूड, नजर धारदार. लहानपणीच्या पोलिओनं पाय गेलेले. पट्टा तिनं लावलेला नव्हता.

"आधी ते कमरेचं काढा," ती म्हणाली. "त्याच्यासमोर मी पक्षकाराशी बोलत नाही."

घराबाहेर त्रिशलानं पट्टा कधी काढला नव्हता. पण खुर्चीत नीट बसून तिनं तो सोडला. ठोके थांबले, आणि पाय कुणीतरी काढून नेल्यासारखे नाहीसे झाले. ती खुर्चीचे हात आवळून बसली. नसीमनं पट्टा शेजारच्या भावाच्या कारखान्यात पाठवला. तिथं तंबोऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे घोडी घासून तारेला झणकार आणायचं काम चाललं होतं.

"ऐकू दे त्याला दिवसभर षड्ज," नसीम म्हणाली. "आता बोला. रोज संध्याकाळी तो विचारतो, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

"खरं तेच सांगते."

नसीमनं त्रिशलाच्या फोनवरून पट्ट्याच्या खात्यातली उत्तरं तिथल्या तिथं मागवून घेतली. ती एकेक वाचत गेली. "आज जिना चढता आला का? होतंय की. बराच वेळ उभं राहता आलं का? होतंय की. पाय दुखले का? आता काय, होतंय की." ती हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच थांबली. "रोज हेच, ताई. एवढी उत्तरं, पण एकदासुद्धा 'होत नाही' नाही."

"घरात सगळे असतात हो," त्रिशला ओशाळून म्हणाली. "आत्या असतात, राजुल अभ्यासाला बसलेली असते. त्या मशीनसमोर रडगाणं कुठं गायचं?"

"माझी अम्मी शेवटी पाणीसुद्धा गिळत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, खाणं होतंय का? तर म्हणाली, होतंय की." नसीमनं चष्मा काढून पुसला. "आपल्याकडं 'होतंय की' म्हणजे, होत नाही पण तुम्ही काळजी करू नका. हे तुम्हाला कळतं, मला कळतं. त्या पट्ट्याला शब्द कळतात, माणूस कळत नाही. त्याच्या लेखी तुम्ही रोज स्वतःच्याच विरोधात साक्ष देताय."

इतके दिवस त्रिशलाला पट्टा बनवणाऱ्यांची भीती वाटत होती, सुनावणीची वाटत होती. आता स्वतःच्या जिभेची वाटायला लागली.

"सुनावणीत तुम्हाला एक वाक्य म्हणायचंय. मला होत नाही. म्हणून दाखवा."

"मला होत..." त्रिशला अडखळली. "म्हणजे तसं होतंय, पण..."

"पुन्हा."

ती पुन्हा म्हणायला गेली आणि तिला रडूच फुटलं. खाटेवरच्या तीन वर्षांत तिनं हे वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. ते काढलं असतं, तर ती केव्हाच संपली असती, असं तिला मनापासून वाटायचं.

"आणि सासूबाईंना साक्षीला आणा," नसीम म्हणाली. "त्यांना काही पढवायचं नाही."

सुनावणीचे अधिकारी वानखेडे विदर्भातले होते, अदबीनं बोलणारे. पट्टा चालवणाऱ्या संस्थेचा एक तरुण प्रतिनिधी त्यांच्या समोर बसला होता. तो फारसं बोललाच नाही. त्यानं फक्त आवाज लावला, त्रिशलाचा स्वतःचा आवाज. होतंय की. होतंय की. होतंय की. कधी दमलेला, कधी हसरा, कुठं मागे कुकरची शिट्टी, कुठं राजुलचं पाढे म्हणणं. सगळी खोली तिच्या आवाजानं भरली आणि त्रिशला मान खाली घालून बसली. आपल्याला आपणच दगड मारतोय, असं तिला वाटत होतं.

"त्या स्वतःच म्हणतायत," तो तरुण म्हणाला. "आम्ही एक अक्षरही घातलेलं नाही." ते खरंच होतं.

नसीमनं अक्काताईंना पुकारलं. त्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"तुमच्या सुनेला घरातलं सगळं होतं का?"

"होतंय की," अक्काताई ताठ मानेनं म्हणाल्या. "सैपाक करतीय, शिवण करतीय, पोरगीला शाळंत सोडतीय. लाखात एक सून हाय माझी."

त्रिशलानं डोळे मिटले. संपलं. आत्यांनी कौतुक करता करता तिचे पाय काढून दिले होते. प्रतिनिधीनं लिहून घेतलं. नसीम कागद चाळत राहिली, उगाच चाळत राहिली. वानखेडे एकदा घसा खाकरले, तरी ती थांबेना.

मग मान वर न करता तिनं विचारलं, "आत्या, मघापासून उभ्या आहात. उभं राहायला जमतंय ना?"

"होतंय की."

"अजून थोडा वेळ लागेल."

"लागू दे की. त्यात काय."

आणि आता सगळ्यांनी बघितलं. कठड्यावरचे अक्काताईंचे हात थरथरत होते. ओठ आत दुमडले होते, कपाळावर घाम होता. संधिवातानं सुजलेले गुडघे लुगड्याच्या आडूनही हलताना दिसत होते.

"अरे, त्यांना खुर्ची द्या आधी," वानखेडे उठतच म्हणाले.

"कशाला साहेब?" नसीमनं शांतपणे विचारलं. "त्यांनी तर होतंय म्हणून सांगितलंय. तेही दोनदा."

वानखेड्यांनी स्वतःची खुर्ची ओढत नेऊन अक्काताईंना बसवलं, आणि मग त्रिशलाकडे वळून ते हळूच म्हणाले, "आता तुम्ही सांगा, ताई. आम्हाला कळेल अशा भाषेत सांगा."

त्रिशलानं आत्यांकडे पाहिलं. त्या गुडघा चोळत होत्या आणि कुणाचं लक्ष नाही ना, हे बघत होत्या.

"मला होत नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी पायात मिरची भरल्यासारखी आग होते. मी मोरीत जाऊन दार लावून बसते आणि नळ सोडते, म्हणजे पोरीला ऐकू जायला नको. हा पट्टा काढला, तर मला काहीच होत नाही, साहेब. काहीच नाही."

निकाल तिच्या बाजूनं लागला. सगळे 'होतंय की' हिशोबातून वगळले गेले, टक्केवारी अठ्ठेचाळीस झाली. पट्टा म्हणाला, "त्रिशलाताई, आम्हाला खेद आहे." भरतेशनं बाहेर येऊन डोळे पुसले आणि सगळ्यांना उसाचा रस पाजला.

नसीमचा पेला मात्र तसाच होता. "आदेशाची शेवटची ओळ ऐकलीत ना? यापुढं पाय किती हलले यापेक्षा तुमचा शब्द वरचढ, आणि दोनच उत्तरं चालणार. होतं, नाहीतर होत नाही. एखाद्या चांगल्या दिवशी 'होतं' म्हणालात, की पुन्हा घसरण सुरू. आणि नंतर मोरीत गेलात, तर ते पट्टा विचारणार नाही. जीभ सांभाळा."

"घरातसुद्धा?"

"घरातच," नसीम म्हणाली.

सुरुवातीचे दिवस त्रिशला आनंदातच होती. पट्टा संध्याकाळी विचारायचा, ती 'होत नाही' म्हणून मोकळी व्हायची. घरातली मंडळी कामात असल्यासारखं दाखवायची. मग एक रविवार असा आला, की पाय जणू तिचे स्वतःचेच झाले. ती आणि राजुल हात धरून कृष्णेच्या घाटावर गेल्या, मायलेकींनी काठावर उभं राहून भाजलेलं कणीस खाल्लं, आणि परत येताना राजुल म्हणाली, "आई, तू माझ्यापेक्षा पण भरभर चालतीस गं." त्रिशला खुदकन हसली, पण बोलली काही नाही. दिवा बंदच राहिला.

संध्याकाळी पट्ट्यानं विचारलं, "त्रिशलाताई, आज स्वतःच्या पायांनी चालता आलं का?"

राजुल पाटी घेऊन समोरच बसली होती. तिनं उत्तर माहीत असल्यासारखं आईकडे बघितलं.

"होत नाही," त्रिशला म्हणाली.

"आई? आपण घाटावर गेलो होतो की."

दिवा लागलेला होता. त्रिशलानं पोरीकडे डोळ्यांनी खूण केली. पण सात वर्षांच्या मुलीला कसली खूण कळणार?

"मग तुला खरंच होत नाही?" राजुलचा आवाज बारीक झाला. "माझ्यासाठी मुद्दाम चाललीस?"

त्रिशलाच्या मनात आलं, तिला जवळ घ्यावं आणि कानात सगळं सांगावं. पण तिचा कान आईच्या ओठांना जितका जवळ, तितकाच तो पट्टाही जवळ होता. आणि पट्टा झोपला, की या पोरीला उचलून जवळ घेणंही संपलं.

"होत नाही, बाळा," ती म्हणाली.

राजुलनं पाटी उचलली आणि आज्जीजवळ जाऊन बसली.

सकाळी शाळेच्या वेळेला त्रिशला नेहमीसारखी चप्पल घालून दाराशी आली आणि तिनं हात पुढं केला. राजुलनं स्वतःचा हात मागे घेतला. रागानं नाही, अगदी समजूतदारपणे, मोठ्या माणसानं आजाऱ्याशी वागावं तसं.

"तू नको येऊस आई. तुला त्रास होतो ना. मी आज्जीबरोबर जाईन."

त्रिशला उंबऱ्यात उभी होती. दोन्ही पायांवर धड उभी होती. त्या दिवशी तर दुखतही नव्हतं. तोंडाशी आलेलं तिनं गिळून टाकलं.

अक्काताईंनी भिंतीला धरून पायात वहाणा सरकवल्या. राजुलनं त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"आज्जी, तुला तरी होईल ना चालायला?"

"होतंय की," अक्काताई म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून लंगडत गल्लीत उतरल्या.